टपालपेटी : दुधाच्या हिशेबात आलेलं ल्वूफचं कार्ड

गेल्या अंकात वळिवड्याच्या पोलिश कँपाबद्दल ओझरतं लिहिलं होतं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. सोलापूरच्या ज्या वाचकांना आपल्या पाव आण्याच्या तिकिटाची घाई आहे त्यांनी महिनाभर थांबावं. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

काका, नमस्कार. माझे पणजोबा वळिवड्याच्या कँपात रतीब घालायचे. कँप उठताना एका बाईनं हिशेब मिटवला आणि वर आठवण म्हणून एक पत्र्याचा डबा दिला, असं घरात सांगतात. परवा माळा साफ करताना तो डबा सापडला. आत एक पोस्टकार्ड आणि एक पाकीट आहे. दोन्हीचे फोटो पाठवते. कार्डावर रशियन तिकीट आहे. म्हणजे हे सायबेरियातून घरी लिहिलेलं पत्र का? मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं, काही लागेना.
*– इचलकरंजीच्या एक वाचक*

हे कार्ड तिकडून घरी आलेलं नाही, घरून तिकडं गेलेलं आहे. माझी सगळी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेतल्या टपालसेवेत, रात्रीच्या गाडीत पत्रं लावण्यात गेली. त्यामुळे मजकुराआधी शिक्का बघायची खोड आहे. तुमच्या कार्डावरचा शिक्का थोडा फाकलाय, पण भिंग लावलं की रशियन लिपीत ‘ल्वोव’, म्हणजे पोलिश लोकांचं ल्वूफ, आणि १४-३-४१ ही तारीख स्वच्छ वाचता येते. पत्ता आहे तो कझाक सोव्हिएत रिपब्लिकमधला : पावलोदार ओब्लास्त, मग तालुका, मग कोलखोज म्हणजे सामुदायिक शेतीचं गाव, आणि सगळ्यात खाली बाईचं नाव. सोव्हिएत पत्ता असाच असायचा, आधी मुलूख, शेवटी माणूस. पत्रं लावणाऱ्याच्या दृष्टीनं फार सोयीची पद्धत. आपल्याकडे ‘मारुतीच्या देवळामागे’पासून सुरुवात करून जिल्हा शेवटी कोपऱ्यात कोंबतात.

पोलंडमधल्या शहराचा शिक्का आणि तिकीट मात्र रशियाचं, हे कसं? जर्मनी १ सप्टेंबर १९३९ला पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला हे शाळेत शिकवतात. १७ सप्टेंबरला लाल सेना पूर्वेकडून आत आली, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. ल्वूफ, तार्नोपोल, पिन्स्क, ग्रोद्नो हा सगळा पट्टा सोव्हिएत युनियननं घेतला. शहरं घेतली तशी तिथली पोस्ट ऑफिसंही घेतली. म्हणून ल्वूफहून साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या पावलोदारला जाणारं कार्ड हे चक्क देशांतर्गत टपाल. ज्यांना घरातून उचलून नेलं त्यांना घरून साध्या तिकिटावर पत्र जायचं, कारण घरही त्याच सरकारच्या ताब्यात होतं.

पावलोदार या नावावरून आणखी एक अंदाज बांधता येतो. सोव्हिएत सरकारनं पोलिश कुटुंबांना घरातून उचलून पूर्वेला नेण्याच्या मोठ्या फेऱ्या चार झाल्या. पहिली १० फेब्रुवारी १९४०ची. त्यात जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि जंगलखात्यातले लोक मुख्यतः होते, आणि त्यांना उत्तरेच्या जंगलांत, अर्खांगेल्स्क, कोमी, सायबेरिया इकडं लाकूडतोडीला नेलं. दुसरी १३ एप्रिल १९४०ची, आणि ती बहुतांशी उत्तर कझाकस्तानात गेली. त्या फेरीत पुरुष फार थोडे. ज्यांचे नवरे आधीच अटकेत किंवा युद्धकैदेत होते अशा अधिकाऱ्यांच्या, पोलिसांच्या, सरकारी नोकरांच्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं उचलली होती. तुमच्या कार्डावरची बाई बहुधा यातलीच.

पोलिश वाचता येणाऱ्या एका स्नेह्यांकडून मजकूर लावून घेतला. लिहिणारी तिची आई किंवा मावशी असावी. हस्ताक्षर बारीक आहे, समासातसुद्धा आडव्या ओळी आहेत. पार्सल पाठवलं आहे, त्यात खारवलेली चरबी, कांदे, लसूण, कुट्टू, दोऱ्याची रिळं आणि सुया आहेत, असं लिहिलंय. आधीचं पार्सल पोचलं का, कोणी फोडलं नाही ना, हे दोनदा विचारलंय. चादरी इतक्यात विकू नकोस, हिवाळा संपला तरी पुढचा येणारच आहे, असं बजावलंय. आणि शेवटी, त्याच्याकडून तुला काही आलं का? आम्हाला वर्षभर काही नाही. हा ‘तो’ कोण, ते खाली पुण्याच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात कळेल.

चादरींचा उल्लेख उगाच नाही. कोलखोजवर या बायकांना घर कोणी बांधून दिलेलं नव्हतं. कुणाच्या तरी मातीच्या झोपड्यात कोपरा मिळायचा, पेरणी, गवतकापणी, गुरं अशी कामं असायची आणि मजुरी धड हातात पडायची नाही. बरोबर आणलेल्या चादरी, शाली, झगे देऊन दूध, पीठ आणि बटाटे घ्यायचे. झाडं नसलेल्या त्या माळावर जळण म्हणजे ‘किझ्याक’. शेण आणि पेंढा पायांनी तुडवायचा, साच्यात घालायचा आणि वाळवायचा. शेणीच म्हणा ना. शहरात वाढलेल्या, शेणाला कधी हात न लावलेल्या बायकांनी अख्खा उन्हाळा हे केलं, कारण त्यावरच हिवाळा निघायचा होता.

या कार्डानंतर तीनच महिन्यांनी, २२ जून १९४१ला जर्मनीनं रशियावर हल्ला केला. महिना संपायच्या आत ल्वूफ जर्मनांच्या हातात गेलं. त्या दिवसापासून ल्वूफ–पावलोदार टपाल खलास. पुढं ३० जुलैला लंडनमधलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, ऑगस्टमध्ये नेलेल्या लोकांना ‘माफी’ जाहीर झाली. कोणत्या गुन्ह्याची माफी, ते स्टालिनला माहीत. जनरल आंदेर्स यांचं पोलिश सैन्य उभं राहू लागलं तशी माणसं मिळेल त्या गाडीनं दक्षिणेकडं, उझबेकिस्तानाकडं निघाली. १९४२च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोवोद्स्कहून जहाजांनी कास्पियन ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात लाखाच्या वर लोक उतरले. त्यात सैनिक जास्त, पण हजारो बायकामुलंही होती. उवा आणि टायफस यांच्या भीतीनं किनाऱ्यावरच अंगावरचे कपडे जाळले, डोकी भादरली. त्या जाळपोळीतून, तिथून इराण, कराची आणि वळिवडे करत एक पोस्टकार्ड शाबूत आलं, म्हणजे बाईनं ते कुठं सांभाळलं असेल बघा.

आता पाकीट. हे वळिवड्याचं. सहाव्या जॉर्जची तिकिटं, कोल्हापूरचा शिक्का, कडेला ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’ छापलेली सेन्सॉरची चिकटपट्टी, आणि समोर ‘सर्व्हिस सस्पेंडेड’चा ठसा. म्हणजे पत्र सेन्सॉरनं फोडलं, वाचलं, आणि तिकडं टपालच जात नाही म्हणून परत केलं. पत्ता नीट बघा. कार्ड लिहिणाऱ्या बाईनं स्वतःचा पत्ता डाव्या कोपऱ्यात दिलाय, तोच रस्ता आणि तोच घरनंबर या पाकिटावर आहे.

सर, ज्यांना बळजबरीनं नेलं त्यांना पत्रं लिहायला, पार्सलं घ्यायला परवानगी होती, हे मनाला पटत नाही. आणि नेमके किती लोक नेले? कुठं दहा-पंधरा लाख वाचलं, कुठं तीन लाख.
*– सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक*

आकड्यांचं आधी. युद्धकाळात आणि नंतर परदेशातल्या पोलिश लोकांनी दहा लाखांच्या वरचे अंदाज केले होते. सोव्हिएत राजवट कोसळल्यावर खुद्द एनकेव्हीडीचे, म्हणजे त्यांच्या गुप्त पोलिसांचे कागद बाहेर आले. त्यांत चारही फेऱ्या मिळून सुमारे ३ लाख २० हजार भरतात. फेब्रुवारी १९४०च्या फेरीत अंदाजे १ लाख ४० हजार, एप्रिलमध्ये ६० हजारांच्या आसपास, जूनच्या अखेरीस पाऊण लाखाच्या वर आणि उरलेले मे-जून १९४१च्या फेरीत. जूनमध्ये नेलेल्यांत जर्मनांपासून पळून पूर्वेला आलेले ज्यू मोठ्या संख्येनं होते. ज्यांना तुरुंगात किंवा गुलागमध्ये, म्हणजे सक्तमजुरीच्या छावण्यांत, टाकलं, जे युद्धकैदी होते, ज्यांना लाल सेनेत भरती केलं, ते या तीन लाखांत धरलेले नाहीत. म्हणून दोन आकडे समोर आले की आधी विचारावं, कोण-कोण मोजलंय.

परवानगीचं म्हणाल तर ‘नेलं’ या एका शब्दात तीन वेगळ्या जागा येतात. गुलागच्या कैद्याला पत्र क्वचित. जंगलातल्या खास वसाहतीत कमांडंट असायचा, गाव सोडायला बंदी, पण टपाल यायचं-जायचं. कझाकस्तानच्या कोलखोजवर तर पहारेकरी ठेवायची गरजच नव्हती, पळून जाणार कुठं? तिथून घरी पत्रं जात होती आणि घरून पार्सलंही येत होती. अर्थात सेन्सॉर होऊनच. माझं मत विचाराल तर यात दयामाया काही नव्हती. पुरेसं अन्न द्यायचं नाही आणि माणसं कामाला तर हवीत, मग त्यांना पोसायचा खर्च ल्वूफच्या आज्या-मावश्यांवर पडला तर सरकारचं काय गेलं? या लोकांच्या आठवणी वाचल्या की घरच्या पार्सलांवर हिवाळा काढल्याचं पुन्हा-पुन्हा येतं.

सगळ्यात पहिली पत्रं मात्र पोस्टातून गेलीच नाहीत. फेब्रुवारीच्या त्या रात्री दारावर थाप पडली की सामान बांधायला कुणाला अर्धा तास, कुणाला तासभर. मग घोड्यांच्या घसरगाडीतून स्टेशन, आणि मालगाडीचा डबा. दोन्ही बाजूंना फळ्यांचे माचे, मध्ये एक शेगडी, फरशीला भोक. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. प्रवास दोन-तीन आठवड्यांचा, कुठं चाललोय ते कोणी सांगत नाही. अशा डब्यातून लोक कागदाचे चिटोरे फटीतून बाहेर टाकायचे : आम्हाला पूर्वेला नेतायत, अमक्या पत्त्यावर कळवा. रुळावर काम करणारी माणसं आणि आसपासचे गावकरी ते उचलून पुढं पाठवायचे. सापडले तर त्यांचीही गच्छंती होती. पण असे चिटोरे घरी पोचले आहेत. ना तिकीट ना शिक्का. आमच्या खात्याच्या नियमात बसणारं टपाल नव्हे, पण आमच्या खात्यातल्या किती जणांनी ते हातात घेतलं असतं, हा प्रश्न मला पडतो.

पोलंडचे हाल हिटलरनं केले. तुम्ही रशियाच्या माथी का मारताय?
*– ठाण्याचे एक वाचक*

दोघांनीही केले. ऑगस्ट १९३९च्या करारात एक गुप्त कलम होतं, त्यात दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला होता. पश्चिमेकडं जर्मनांनी पोझनानच्या बाजूच्या पोलिश कुटुंबांना घरं-शेतं सोडायला लावून मध्य पोलंडात ढकललं आणि त्यांच्या घरांत जर्मन वसवले. लाखोंना मजुरीसाठी जर्मनीत नेलं. ऑश्विट्झच्या कैद्यांना घरी लिहायला छापील फॉर्म मिळायचा. मजकूर जर्मनमध्येच हवा, आणि आपली तब्येत उत्तम आहे हे लिहिणं सक्तीचं. ज्यू कैद्यांना बहुतांशी तेवढंही नाही. तो मोठा विषय आहे. वळिवड्याला आलेली माणसं मात्र रशियाच्या बाजूनं आली, म्हणून या अंकात रशिया.

लिलावाच्या एका साइटवर कोझेल्स्कहून पोलंडला गेलेलं १९४०चं कार्ड विकायला आहे. विक्रेता त्याला ‘कातीन कार्ड’ म्हणतो. घ्यावं का? किंमत योग्य आहे का?
*– पुण्याचे एक संग्राहक*

किंमत मी सांगणार नाही. ते कार्ड काय असू शकतं, तेवढं सांगतो.

रशियानं पकडलेले पोलिश अधिकारी कोझेल्स्क आणि स्तारोबेल्स्क इथं ठेवले होते, पोलीस आणि सीमारक्षक बहुतांशी ओस्ताश्कोव्हला. अधिकारी म्हणजे सगळे पेशानं शिपाईगडी नव्हेत. राखीव दलातून बोलावलेले डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक आणि वकील यांचा भरणा मोठा. त्यांना नोव्हेंबर १९३९च्या सुमारास महिन्याला एक पत्र लिहायची मुभा मिळाली. परतीचा पत्ता म्हणून छावणीचं नाव नाही, फक्त पोस्ट बॉक्स : कोझेल्स्क १२, स्तारोबेल्स्क १५, ओस्ताश्कोव्ह ३७. इतके महिने नवरा जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या बाईच्या घरी हिवाळ्यात असं कार्ड येऊन पडलं, तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. तिनं लगेच उत्तर पाठवलं, मुलाचा दात पडला, शेगडी दुरुस्त केली, सगळं कळवलं.

५ मार्च १९४०ला स्टालिनच्या पॉलिट ब्युरोनं या कैद्यांना गोळ्या घालायचा निर्णय घेतला. दोनच दिवसांनी, ७ मार्चला एनकेव्हीडीचा प्रमुख बेरिया याचा हुकूम निघाला की कैद्यांच्या कुटुंबांच्या याद्या पत्त्यांसह तयार करा. पत्ते कैद्यांनाच विचारून भरले. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला घरी लिहिलं होतं, त्यांचे तर आयतेच होते. एप्रिल आणि मेमध्ये तिकडं कातीनच्या जंगलात, कालीनिनमध्ये, खारकोव्हमध्ये माणसं मारली जात होती आणि त्याच एप्रिलच्या १३ तारखेला इकडं त्यांच्या बायकामुलांना गाड्यांत भरून कझाकस्तानला नेत होते. तुरुंगांतले कैदी धरून मारलेले सुमारे बावीस हजार. या तीन छावण्यांतले अवघे ३९५ वाचले. बायका मात्र कझाकस्तानातून त्याच पोस्ट बॉक्सवर लिहीत राहिल्या. पत्रं परत येऊ लागली. कोणी म्हणे छावणी हलवली असेल, कोणी म्हणे पत्ता बदलला असेल. नोकरीत न पोचलेली पत्रं मी खूप हाताळली. पत्ता अपुरा, मालक गावी नाही, घेण्यास नकार, असे शेरे मारून ती आरएलओला, म्हणजे न पोचलेल्या पत्रांच्या कचेरीला, धाडली. इथं पत्ता पुरा होता, बिनचूक होता, आणि पत्रं परत पाठवणाऱ्यांना पत्र का पोचणार नाही हे माहीत होतं.

१३ एप्रिल ही तारीख पुढंही येत राहते. १९४३मध्ये याच तारखेला जर्मन रेडिओनं कातीनमध्ये प्रेतं सापडल्याचं जाहीर केलं. रशियानं ते जर्मनांवर ढकललं, पोलिश सरकारनं रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, तर स्टालिननं २५ एप्रिलला त्या सरकारशी संबंधच तोडले. आणि गोर्बाचेव्हच्या काळात, १३ एप्रिल १९९०ला मॉस्कोनं एकदाचं कबूल केलं की हे आमच्याच एनकेव्हीडीनं केलं.

आता तुमच्या कार्डाची परीक्षा. तारीख एप्रिल १९४०च्या आधीची असेल तर लिहिणारा बहुधा मारला गेला. तारीख नंतरची दिसली म्हणून लगेच खोटं समजू नका. १९४०च्या उन्हाळ्यात लिथुआनियात नजरकैदेत असलेले पोलिश अधिकारी रशियानं त्याच कोझेल्स्कला आणून ठेवले आणि तेही घरी लिहीत होते. ‘कातीन कार्ड’ हे विक्रेत्यानं भाव वाढवायला लावलेलं नाव असू शकतं. आणि खरं निघालं तर एक विनंती आहे. अल्बममध्ये लावण्याआधी वॉर्सामधल्या कातीन संग्रहालयाला स्कॅन पाठवा. नावावरून ते माणूस शोधतील. त्याची नातवंडं-पतवंडं अजून कुठंतरी असतील.

काका, मी कोल्हापूरला बी.ए.ला आहे. वळिवड्यावर प्रकल्प करतेय. कँपातून पोलंडला पत्रं जायची का? की फक्त कँपातल्या कँपात? सगळे लेख महाराज, राजवाडा आणि पोलिश मुलींचे फोटो एवढ्यावरच थांबतात.
*– एक विद्यार्थिनी*

हे शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं.

कँप जून १९४३मध्ये सुरू झाला. रेल्वेलाइनला लागून बराकींच्या रांगा. कौलारू छपरं, आत चटयांच्या आडभिंती, एका कुटुंबाला लहानशी जागा. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउट, सगळं पोलिश. मिरजेहून येणारी मीटरगेज गाडी रुकडीनंतर वळिवड्याला थांबायची, टपालही त्याच लाइनीवरून यायचं. त्या टपालाचा मोठा भाग पोलंडचा नव्हताच, तो सैन्याचा होता. कँपातल्या बायकांचे नवरे, भाऊ आणि थोरली मुलं आंदेर्सच्या सैन्यात होती. आधी इराक, पॅलेस्टाइन, आणि १९४४च्या सुरुवातीपासून इटली. तुला एखाद्या पाकिटावर ‘पोलिश फोर्सेस, सी.एम.एफ.’ दिसलं तर ते सेंट्रल मेडिटरेनियन फोर्सेस, म्हणजे इटलीची आघाडी. गावाचं नाव लिहायला मनाई होती. मे १९४४मध्ये माँते कासिनोच्या लढाईत नऊशेच्या वर पोलिश सैनिक पडले. त्यानंतरच्या आठवड्यांत वळिवड्याच्या कोणकोणत्या बराकीत कसली पत्रं आली, यावर कोणीतरी नीट काम करायला हवं. तूच कर.

जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडला साधं पत्र जात नव्हतं, वर इचलकरंजीच्या पाकिटाचं काय झालं ते वाचलंसच. एकच वाट होती, रेडक्रॉसचा फॉर्म. पंचवीस शब्द, त्यात फक्त घरगुती मजकूर. आम्ही सगळे बरे आहोत, मोठीची शाळा चालू आहे, आई कशी आहे. तो जिनिव्हामार्गे फिरत जायचा आणि उत्तर त्याच फॉर्मच्या पाठीवर यायचं, आलं तर, काही महिन्यांनी. पंचवीस शब्दांत आपण भारतात कसे पोचलो हे कसं सांगणार? आणि कझाकस्तानातच मागं राहिलेल्यांचं तर आणखी अवघड. एप्रिल १९४३नंतर त्यांच्या बाजूनं बोलायला पोलिश सरकारचा राजदूतसुद्धा मॉस्कोत उरला नव्हता.

यापुढचा भाग तुझ्या प्रकल्पाचा कणा व्हावा असं मला वाटतं. युद्ध संपलं म्हणजे माणसं घरी जातात, असं आपण धरून चालतो. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला तीन मोठ्यांनी, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी, ठरवलं की पूर्वेचा पट्टा रशियाकडंच राहील. ल्वूफ आज युक्रेनमध्ये आहे, पिन्स्क आणि ग्रोद्नो बेलारूसमध्ये, विल्नो लिथुआनियात. तिथं उरलेल्या पोलिश माणसांना नव्या पोलंडच्या पश्चिमेला, जिथून जर्मनांना काढलं होतं त्या व्रोत्स्वाफसारख्या शहरांत पाठवलं. म्हणजे वळिवड्याच्या बाईकडं घरचा जो पत्ता तोंडपाठ होता, तिथं आता तिची माणसं नव्हती, आणि माणसं जिथं होती ते गाव तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. १९४५-४६ची पत्रं ही बरीचशी शोधाशोधीची आहेत : अमक्या रस्त्यावर राहणारी आमची आत्या कुणाला दिसली का?

मग प्रश्न, जायचं कुठं. थोडे पोलंडला परतले. बहुतेक जण आंदेर्सच्या सैनिकांचे नातेवाईक म्हणून ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका वगैरे. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडीला ठेवलेल्या मुलांपैकीही बरीच, तो कँप बंद झाल्यावर, इकडं वळिवड्याला आली आणि इथून पुढं गेली. एक मुलगी कोल्हापूरच्या घरात सून म्हणून राहिली. १९४८ला कँप रिकामा झाला आणि त्याच बराकींत फाळणीनं बेघर झालेले सिंधी आले. आज जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर. तिथल्या जुन्या लोकांना भेटलीस का? कोल्हापूरच्या पोलिश कबरी बघ, महावीर उद्यानातला स्तंभ बघ. वॉर्सामध्येही कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान तिथं गेले होते ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. पण फोटो सगळ्यांनी काढलेत. तू पत्ते गोळा कर. एकेका कुटुंबाचे १९३९ ते १९४८पर्यंतचे सगळे पत्ते एका ओळीत मांड, काम आपोआप उभं राहील.

पुन्हा मीच, इचलकरंजी. फोनवर बोललो तेव्हा विचारायचं राहिलं. कार्डाच्या घड्या फाटायला आल्यात. लॅमिनेशन करून फ्रेम करू का? की कुठल्या म्युझियमला देऊ?

लॅमिनेशन अजिबात नको. गरम प्लास्टिकमध्ये एकदा कागद गेला की तो परत निघत नाही, शाई उडते, पाच-दहा वर्षांत पिवळा पडतो. सेलोटेपही नको, इस्त्री नको, आणि तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचा मोह कुणाला झाला तर त्याला माझा नंबर द्या. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडव्या ठेवा. कपाट भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात आपल्याकडे ओल धरते. आधी दोन्ही बाजूंचे चांगले स्कॅन करून घ्या. पत्र्याचा डबाही टाकू नका, पण कागद त्यात परत ठेवू नका, गंज लागतो.

द्यायचंच असेल तर घाई करू नका, घरात सगळ्यांशी बोला, पणजोबांचा ठेवा आहे. बाहेर देण्याजोग्या तीन जागा मला ठाऊक आहेत. लंडनचं सिकोर्स्की संग्रहालय, ब्रिटनला गेलेल्या बहुतेक कुटुंबांचे कागद त्या बाजूला असतात. वॉर्साची ‘कार्ता’ संस्था, जी या पूर्वेकडच्या माणसांच्या आठवणी आणि पत्रं जमवते. आणि बियाविस्तोकचं सिबिर संग्रहालय, १७ सप्टेंबर २०२१ला उघडलेलं. ज्या स्टेशनावरून या गाड्या सुटायच्या त्याच्या शेजारच्या जुन्या गोदामात ते आहे. तिघांनाही इंग्रजीत ईमेल चालतो. मूळ कागद लगेच पाठवू नका, आधी स्कॅन आणि दोन्ही पत्ते पाठवा. त्या घरनंबरवरून आणि कोलखोजच्या नावावरून बाईचं कुटुंब सापडलं, तर कार्ड कुणाचं हा निर्णय त्यांच्याशी बोलून घ्या. पाकीट ठेवून घेतलंत तर माझी काही हरकत नाही, ते कोल्हापूरच्या टपालाचं आहे.